पेंडलची चढण ते यॉर्कची दफनभूमी : क्वेकर उपदेशकांच्या वाटेवर सात दिवस

इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर आणि कंब्रिया यांच्या सीमेवर डोंगराळ, मेंढ्यांनी भरलेला एक पट्टा आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी त्याला '1652 चा मुलूख' म्हणतात. जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा, चांभारकाम शिकलेला, 27 वर्षांचा तरुण त्या वर्षी इथून चालत गेला आणि काही आठवड्यांत त्याच्याभोवती क्वेकरांची चळवळ उभी राहिली. पुढे गुलामगिरी, तुरुंग, मनोरुग्णालये, मजुरी या प्रश्नांवर इंग्लंडमध्ये जे काही हलले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा धागा या मुलुखापर्यंत पोचतो.

क्वेकरांमध्ये पगारी पाद्री नसतो. ज्याला किंवा जिला आतून बोलावेसे वाटते ती व्यक्ती उठून बोलते. ज्यांच्या बोलण्यात सत्त्व आहे असे सभेला वाटे, त्यांची 'मिनिस्टर' म्हणून नोंद होई, आणि यात बायकाही होत्या. या लेखात 'उपदेशक' म्हटले आहे ते या अर्थाने. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. फॉक्सही याच दिवसांत इथे होता, शिवाय रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पायी भटकायला हा काळ सर्वांत बरा.

दिवस पहिला, शुक्रवार : पेंडल हिल

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून क्लिदरोला थेट गाडी आहे. वाटेत डार्वेन लागते. मराठी वाचकाने इथे खिडकीबाहेर जरूर पाहावे. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी याच गावी गिरणी कामगारांना भेटायला आले होते, विलायती कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या हातचे काम गेले होते त्यांना. पुढच्या महिन्यात ते बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर शिक्षणसंस्थेतही जाऊन आले.

क्लिदरोहून टॅक्सीने बार्ली गाव. पेंडलची उंची 557 मीटर, म्हणजे आपल्या गडांच्या मानाने काहीच नाही. पण बार्लीकडची बाजू अंगावर येते. गावाबाहेरच्या शेतघरांनंतर वाट दुभंगते. उजवीकडे दगडी पायऱ्यांची सरळ चढण, डावीकडे तिरकी, थोडी लांबची पण सोपी वाट. गुडघे कुरकुरत असतील तर डावीकडून चढा आणि उतरतानाही तीच धरा. पायऱ्या ओल्या असल्या की घसरतात. सावकाश गेले तरी सव्वा तास पुरतो. माथा सपाट आहे आणि वारा अडवायला तिथे झाडसुद्धा नाही. खाली सदऱ्यावर फिरता येत होते, वर वारारोधक जाकीट आणि कानटोपी लागली.

डोंगर फार उभा आणि उंच असल्यामुळे बऱ्याच कष्टाने चढलो, असे फॉक्सने स्वतः नोंदवले आहे. वरून त्याला लँकेशायरला लागून असलेला समुद्र दिसला आणि पुढे मोठा जनसमुदाय एकत्र येणार अशी खात्री वाटली. त्या रात्री सरायीत उतरल्यावर त्याला नदीकाठी शुभ्र वस्त्रांतले लोक दिसले. आम्हाला ढगांमुळे समुद्र दिसला नाही. उत्तरेला इंगलबरोचा माथा दोन मिनिटे उघडा पडला, तेवढाच.

उतरताना डोंगराच्या कुशीत एक झरा सापडला आणि कित्येक दिवस धड खाल्ले-प्यायले नसल्याने तिथे पाणी पिऊन बरे वाटले, असेही फॉक्सने लिहिले आहे. उत्तरेच्या कडेखालचा एक लहानसा झरा आज 'फॉक्सेस वेल' म्हणून दाखवतात. मुख्य वाटेवरून तो दिसत नाही, म्हणून नकाशावर खूण करून ठेवा. आजूबाजूला मेंढ्या चरतात, तेव्हा ते पाणी गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नका.

या डोंगराच्या परिसरातल्या गरीब बायकांना आणि काही पुरुषांना 1612 मध्ये चेटूक केल्याच्या आरोपाखाली पकडून नेले होते. त्या खटल्यांत लँकेस्टरला दहा जणांना फाशी झाली. गावातली दुकाने आजही झाडूवर बसलेल्या बाहुल्या विकतात. फॉक्स इथे आला तेव्हा त्या घटनेला 40 वर्षेच झाली होती. बाई चार लोकांत उभी राहून धर्मावर बोलू लागली की तिला काय म्हटले जाई, हे त्यावरून कळते.

जेवण बार्लीतच केले: चीज आणि कांदा भरलेला 'पाय' (पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ), सोबत उकडलेले वाटाणे. शाकाहारी माणसाला लँकेशायरमध्ये हा पदार्थ हमखास मिळतो. मांस चालत असेल तर मटण आणि बटाट्याच्या चकत्यांचा हॉटपॉट घ्यावा.

दिवस दुसरा, शनिवार : सेडबर आणि फरबँकचा खडक

सेडबरला रेल्वे नाही. मुख्य मार्गावरचे ऑक्सनहोम स्थानक गाठून पुढे बस किंवा टॅक्सी. बसच्या फेऱ्या मोजक्याच आणि शनिवार-रविवारचे वेळापत्रक वेगळे. आम्ही आठवड्यातल्या दिवसाचे वेळापत्रक वाचून थांब्यावर उभे राहिलो आणि दीड तास गेला. तारखेसह वेळापत्रक तपासा आणि टॅक्सीवाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. डोंगराच्या घळीत फोनला रेंज नसते.

1652 च्या जूनमध्ये सेडबरला जत्रा होती. तिला नोकर ठेवण्याची जत्रा म्हणत. गडी-मोलकरणी येऊन उभ्या राहत आणि शेतकरी त्यांना वर्षाच्या कराराने घेऊन जात. फॉक्स आधी जत्रेत बोलला, मग सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात. आत जाऊन का बोलत नाहीस, असे लोकांनी विचारले. त्याचे उत्तर पूर्वीपासून ठरलेले होते. दगडी इमारत म्हणजे चर्च नव्हे, माणसे म्हणजे चर्च. इमारतीला तो 'मनोऱ्याचे घर' म्हणे.

नोकरांच्या या जत्रेत तो बोलायला उभा राहिला, यामागे आधीची एक गोष्ट आहे. 1648 च्या सुमारास मॅन्सफील्डला नोकरांची मजुरी ठरवायला न्यायाधीश बसणार होते. मजुरीत गडीमाणसांची पिळवणूक करू नका, हे त्यांना सांगायला फॉक्स निघाला. पण न्यायाधीश उतरले होते तिथे वाजंत्र्यांचा घोळका पाहून तो परतला आणि बोलणे सकाळवर ढकलले. सकाळी न्यायाधीश पुढच्या गावी निघून गेले होते. मग तो 8 मैल शक्य तितक्या वेगाने धावत गेला आणि त्यांना गाठून बोललाच. फॉक्स म्हटला की लोकांना दृष्टान्त आठवतात, मला हे 8 मैल आठवतात.

सेडबरहून फरबँक फेल सुमारे 7 किलोमीटर. 'फेल' म्हणजे इथल्या बोलीत उघडा डोंगर. पुढे येणाऱ्या मार्गारेट फेलच्या आडनावाशी त्याची गल्लत करू नका. शेवटचा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंनी दगडी बांध. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे सरून रुंद जागेत थांबावे लागते, आणि वाट दिल्याबद्दल हात वर करणे हा इथला रिवाज आहे.

खडक रस्त्याला लागूनच आहे. बाजूला बांधाने वेढलेली छोटी जुनी दफनभूमी. इथले चॅपल एकोणिसाव्या शतकात वादळात पडले, ते या जागी पुन्हा बांधले नाही. खडकावर 1952 साली बसवलेली पाटी आहे. रविवार, 13 जून 1652 रोजी जॉर्ज फॉक्स या खडकापाशी किंवा जवळपास सुमारे एक हजार 'शोधकां'समोर तीन तास बोलला, असे तिच्यावर लिहिले आहे. रूढ चर्चवरचा विश्वास उडाल्याने स्वतःच जमून वाट पाहणाऱ्या लोकांना 'सीकर्स', म्हणजे शोधक, म्हणत. त्या सकाळी चॅपलमध्ये फ्रान्सिस हाउगिल आणि जॉन ऑडलंड बोलले. लोक जेवायला पांगले तेव्हा फॉक्स ओढ्यावर जाऊन पाणी प्याला आणि या खडकावर येऊन बसला. काही म्हातारी माणसे चॅपलमध्ये जाऊन खिडकीतून पाहत राहिली. चॅपल सोडून कोणी डोंगरावर बोलतो, याचेच त्यांना नवल वाटत होते.

समोर हाउगिल फेल्सच्या गोलसर टेकड्या, मध्ये लून नदीचे खोरे. हजार माणसांना ऐकू कसे गेले असेल, हा प्रश्न तिथे उभे राहिले की पडतोच. मेंढ्यांचा कळप हलवायला आलेल्या एका शेतकऱ्याने न विचारता उत्तर दिले. त्याने आम्हाला खडकाखालच्या उतारावर बसवले आणि स्वतः वर उभा राहून साध्या आवाजात कुत्र्याला हाक मारली. वारा पश्चिमेचा होता आणि शब्द स्वच्छ पोचला, कारण वारा पाठीमागून येऊन आवाज खोऱ्याकडे ढकलतो. वारा फिरला की काहीच ऐकू येत नाही, हेही त्याने सांगितले.

दिवस तिसरा, रविवार : ब्रिगफ्लॅट्सची शांतता

सेडबरच्या पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर, मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीच्या टोकाला ब्रिगफ्लॅट्स आहे. ही एके काळची विणकरांची वस्ती. इथले मीटिंग हाऊस, म्हणजे क्वेकरांचे सभागृह, 1675 चे. ही तारीख नीट लक्षात घ्यायला हवी. क्वेकरांना जमायची कायदेशीर परवानगी मिळाली 1689 च्या सहिष्णुता कायद्याने. त्याआधीच्या 1664 च्या कायद्यानुसार घरच्या माणसांशिवाय पाचांहून जास्त जण वेगळ्या उपासनेला जमले तर तो गुन्हा होता. म्हणजे ही पांढरी, दगडी, सुबक इमारत उभारली तेव्हा ती बेकायदा होती. अशा वेळी माणसे चोरून तळघरात जमतात. यांनी उघड्यावर, खिडक्या ठेवून घर बांधले.

आत ओकचे बाक, सज्जा, भिंतीशी थोडा उंच केलेला उपदेशकांचा बाक. जिन्याच्या पायथ्याशी लाकडी कठडा घातलेली एक खोपटी आहे, ती मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी. माणसे तासन्‌तास गप्प बसणार, तर कुत्र्यांची सोय आधी हवी. उपदेशकांची वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये 1924 साली बंद झाली. बाक उरला आहे, त्यावर आता कोणीही बसते.

सभेला बाहेरच्यांनी गेलेले चालते, आणि पुढच्या गोष्टी माहीत असल्या की अवघडायला होत नाही. दहा मिनिटे आधी जा. मिळेल त्या बाकावर बसा. स्तोत्र नाही, वाद्य नाही, मूर्ती नाही, वेदी नाही. कोणी उठून बोलले तर ऐका. उत्तर देऊ नका, मान डोलावून दुजोराही नको. एकाच्या बोलण्यानंतर लगेच दुसरा उठत नाही, मध्ये पुरेशी शांतता जाऊ देतात. तासाभराने दोन ज्येष्ठ हस्तांदोलन करतात, की सभा संपली. आम्ही गेलो त्या दिवशी तासात एकच बाई दोन मिनिटे बोलली. बाकी वेळ नदीचा आवाज आणि छपरावरचा पाऊस. नंतर चहा आणि घरचा आल्याचा केक. "पुन्हा या, पण मार्चमध्ये येऊ नका, आत फार गारठा असतो," असे चहा देणाऱ्या आजीबाईंनी बजावले.

चहाबरोबर विषय निघाला भाषेचा. सतराव्या शतकात इंग्रजीतही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद होता. वरच्याला 'तुम्ही' म्हणायचे आणि टोपी काढायची, खालच्याला 'तू'. क्वेकरांनी न्यायाधीशापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणायला सुरुवात केली आणि कोणापुढेही टोपी काढली नाही. इंग्रजीतून हा भेद गेल्यामुळे इंग्रजांना आज त्यातली धग समजावून सांगावी लागते. मराठी माणसाला लागत नाही. गावच्या पाटलाला किंवा कोर्टातल्या साहेबाला भर चावडीत 'तू' म्हणून पाहा, म्हणजे यांना मार का बसला ते कळेल.

दिवस चौथा : केंडल

इथे आल्यावर या प्रवासाचा खरा विषय सापडला असे वाटते. चळवळी दृष्टान्ताने सुरू होत असतील, टिकतात मात्र हिशेबाने. पहिल्या क्वेकरांची करुणा वहीत लिहिलेली आहे, आणि त्या वहीचे पहिले पान केंडलचे.

1654 मध्ये उत्तरेतले साठेक उपदेशक जोडीजोडीने दक्षिणेकडे निघाले. इतिहासात त्यांना 'व्हॅलियंट सिक्स्टी', शूर साठ, म्हणतात. शेतकरी, विणकर, सैन्यातून आलेले, घरकामाच्या बायका. एडवर्ड बरो आणि हाउगिल लंडनला गेले, ऑडलंड आणि कॅम ब्रिस्टलला. मागे राहिलेल्या घरांचे काय? तुरुंगात पडलेल्यांना जेवण कोण देणार? (त्या काळी कैद्याने आपला खर्च आपणच करायचा असे.) स्वॉर्थमूरच्या न्यायाधीश थॉमस फेलची बायको मार्गारेट फेल हिने त्यासाठी केंडल फंड उभा केला. केंडलचे जॉर्ज टेलर आणि थॉमस विलन हिशेब ठेवत. गावोगावच्या सभांकडून वर्गणी येई आणि बूट, कपडे, प्रवास, तुरुंगातली मदत यांवर खर्च पडे. चालत जाणाऱ्या उपदेशकाचे बूट वर्षभरही टिकत नसणार, तेव्हा हा खर्च सारखा उगवणारा होता.

वहीत नसलेली किंमतही फार होती. प्रेस्टन पॅट्रिकची मोलकरीण डोरोथी वॉ कार्लाइलच्या बाजारात बोलली म्हणून महापौराने तिच्या तोंडावर लोखंडी लगाम चढवला: चेहऱ्यावर येणाऱ्या तीन पट्ट्या आणि तोंडात जाणारा तुकडा. तो तीन तास ठेवला. जेम्स पार्नेल 1656 मध्ये कोल्चेस्टरच्या तुरुंगात वारला तेव्हा विशीही गाठली नव्हती. एडवर्ड बरो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात मेला, हाउगिल ॲपलबीच्या तुरुंगात. मेरी फिशर ही यॉर्कशायरची मोलकरीण. केंब्रिजला तिला फटके मारले, बॉस्टनला 1656 मध्ये कोंडले आणि तिची पुस्तके जाळली. 1658 मध्ये ती तुर्की सुलतान चौथ्या मेहमेदला भेटायला एडिर्नेपर्यंत गेली. त्याने तिचे नीट ऐकून घेतले.

केंडलच्या 1816 च्या मीटिंग हाऊसमध्ये क्वेकर टॅपेस्ट्री संग्रहालय आहे. 77 पट म्हणजे कापडी चित्रे, हाताने विणलेल्या लोकरी कापडावर भरतकाम. 1981 ते 1996 या काळात 15 देशांतल्या सुमारे 4000 लोकांनी ते पूर्ण केले. सुरुवात केली ॲन विन-विल्सन यांनी, आणि अक्षरे वळणदार यावीत म्हणून त्यांनी एक नवा टाकाही बसवला. भरतकाम करणाऱ्याने भिंग बरोबर न्यावे. जवळून पाहिले की एकाच पटावर निष्णात आणि शिकाऊ असे दोन्ही हात ओळखू येतात. किमान दोन तास ठेवा. उघडण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, आधी पाहून जा.

एलिझाबेथ फ्रायच्या पटापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. ती दीडशे वर्षांनंतरची, पण रीत तीच. 1811 मध्ये तिची उपदेशक म्हणून नोंद झाली, 1813 मध्ये ती न्यूगेटच्या बायकांच्या कोठडीत गेली, 1817 मध्ये तिथल्या स्त्री-कैद्यांसाठी मंडळ काढले. ऑस्ट्रेलियाला पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे मंडळ एक पिशवी देई. तिच्यात 100 सुया, औंसभर टाचण्या, पांढऱ्या, काळ्या, निळ्या आणि तांबड्या दोऱ्याच्या गुंड्या, अंगुस्ताना, कात्री, कंगवा, गरज असेल तर चष्मा, आणि 2 पौंड कापडाचे तुकडे. लांबच्या समुद्रप्रवासात या तुकड्यांची गोधडी शिवायची, उतरल्यावर ती विकून हातात चार पैसे येतील. 1841 मध्ये 'राजा' नावाच्या जहाजावर बायकांनी शिवलेली अशी एक गोधडी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यात 2815 तुकडे आहेत. चष्मा लागेल हे ज्यांच्या लक्षात आले, त्यांनी कोठडीत बसून सुईत दोरा ओवताना कोणालातरी पाहिले असणार.

केंडल मिंट केक मात्र केक नाही. साखर, ग्लुकोज आणि पेपरमिंटच्या तेलाची वडी आहे. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ती शिखरापर्यंत गेली होती. एक वडी चौघांत पुरते.

दिवस पाचवा : अल्वरस्टन आणि स्वॉर्थमूर हॉल

लँकेस्टरकडून अल्वरस्टनला येणारी रेल्वे मोरकम उपसागराच्या टोकांना दोन लांब पुलांवरून ओलांडते. समुद्राकडच्या बाजूला बसा. ओहोटीला वाळूचा पसरा कोरडा आणि चालण्याजोगा दिसतो. तसा तो नाही. भरती वेगाने येते, नदीचे पात्र जागा बदलते आणि रुतणारी वाळू वरून ओळखू येत नाही. वाळू ओलांडायचीच असेल तर अधिकृत वाटाड्याबरोबर ठरलेल्या दिवशीच. 1652 मध्ये मात्र हाच रोजचा रस्ता होता, आणि न्यायाधीश थॉमस फेल दौऱ्यावरून याच वाळूतून घरी येत होता. वाटेतच गावचे प्रतिष्ठित त्याला सामोरे गेले आणि म्हणाले, तुमच्या बायकोवर कोणीतरी चेटूक केले आहे.

झाले असे होते की फॉक्स स्वॉर्थमूरला येऊन उतरला होता. अल्वरस्टनच्या चर्चमध्ये त्याचे बोलणे ऐकून मार्गारेट आपल्या बाकावर उभी राहिली, मग खाली बसून रडली. शास्त्रवचने आपण फक्त शब्दांत घेतली, आपण सगळे चोर आहोत, असे तिला वाटले. न्यायाधीशाने घरी येऊन फॉक्सचे म्हणणे ऐकले. तो स्वतः क्वेकर कधीच झाला नाही, पण सभेला दिवाणखाना दिला. सभेच्या वेळी तो शेजारच्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून बसे. त्या दोन्ही खोल्या आजही बघता येतात. मधल्या दारात उभे राहिले की कळते, तिथून प्रत्येक शब्द ऐकू येतो. एका न्यायाधीशाच्या उघड्या दाराने या चळवळीला 1658 पर्यंत, म्हणजे तो मरेपर्यंत, छत्र दिले.

स्थानकापासून हॉल पायी वीसेक मिनिटे. घर सोळाव्या शतकाच्या शेवटचे, गडद ओकचे फर्निचर, उतरत्या फरशा. उंबऱ्यांवर डोके सांभाळा. दाखवणारे मार्गदर्शक विषय जाणतात, म्हणून ध्वनिफितीपेक्षा त्यांनाच विचारा. आम्ही सारा फेलच्या वहीबद्दल विचारले आणि अर्धा तास कसा गेला कळले नाही. मार्गारेटची ही मुलगी. 1670 च्या दशकातली तिची घरखर्चाची वही टिकली आहे. शेती, लोखंडाची भट्टी, मजुरी, बाजार सगळे त्यात आहे. याच काळात बायकांच्या वेगळ्या सभा सुरू झाल्या. गरीब घरांना मदत आणि पोरक्या मुलांना कामधंदा शिकवण्याची व्यवस्था हे त्यांचे काम. पैसा बायकांच्या हातात आणि हिशेबही त्यांचाच, यावर त्या काळच्या काही क्वेकर पुरुषांनीही कुरकुर केली होती.

मार्गारेटला 1664 मध्ये शपथ घ्यायला नकार दिला म्हणून मालमत्ता जप्तीची आणि जन्मठेपेची शिक्षा झाली. येशूने शपथ घेऊ नका म्हटले आहे, आणि शपथेवर खरे बोलायचे म्हणजे एरवी खोटे चालते असा अर्थ होतो, ही क्वेकरांची भूमिका. न्यायाधीशांना हे ठाऊक असल्यामुळे दुसरा आरोप टिकत नसला की शपथ पुढे करत. नकार ठरलेला, शिक्षाही ठरलेली. चार वर्षे ती लँकेस्टरच्या किल्ल्यात होती. बायकांनी धर्मसभेत बोलणे शास्त्रसंमत आहे हे मांडणारी तिची पुस्तिका 1666 ची, तिथेच लिहिलेली. 1669 मध्ये तिने फॉक्सशी लग्न केले. म्हातारपणी क्वेकरांनी सगळ्यांना एकाच साध्या रंगाचे कपडे सक्तीचे करायला घेतले तेव्हा तिने ठणकावून विरोध केला. तिचे ऐकले नाही, हे फार वाईट झाले.

संध्याकाळी बर्करिग कॉमनच्या कडेला सनब्रिकची दफनभूमी पाहिली. उंच बांध, आत नुसते गवत, एक पाटी. मार्गारेट इथे पुरलेली आहे, पण नेमकी कुठे त्याची खूण नाही. थडग्यांवर दगड ठेवायचे नाहीत, अशी तेव्हाची रीत. वर चालत गेले की प्राचीन शिलावर्तुळ आणि पलीकडे सगळा उपसागर. जेवायला मोरकमची कोळंबी: लोण्यात मुरवलेली, जायफळ लावलेली, गरम टोस्टवर.

दिवस सहावा : लँकेस्टर

किल्ला स्थानकाला लागून आहे आणि आतला भाग फक्त मार्गदर्शकाबरोबर दाखवतात. 2011 पर्यंत इथे चालू तुरुंग होता. फॉक्सला मनोऱ्यात ठेवले होते तिथे खालच्या कैद्यांच्या शेकोट्यांचा धूर भरे आणि पाऊस आत येई.

या छळाची क्वेकरांनी नोंद ठेवली. तारीख, नाव, कोणत्या अधिकाऱ्याने काय नेले, गाय की भांडी की कापडाचा तागा, आणि त्याची पौंड-शिलिंग-पेन्समध्ये किंमत. गावच्या सभेने लिहायचे, वर पाठवायचे. 1675 पासून लंडनला त्यासाठी वेगळी सभाच नेमली. मग ती कागदपत्रे घेऊन संसदेच्या दारात बसायचे. अन्याय झाला असे नुसते म्हणणाऱ्याला टाळता येते, पण कोणाची गाय कोणत्या तारखेला नेली हे सांगणाऱ्याला टाळणे अवघड जाते.

त्याच शहरात, लून नदीच्या सेंट जॉर्जेस की या धक्क्यावर, 2005 मध्ये उभारलेले गुलामांचे स्मारक आहे. लँकेस्टर हे गुलामांच्या व्यापारातले इंग्लंडचे चौथे मोठे बंदर. इथल्या गुलाम-व्यापाऱ्यांमध्ये डॉडशन फॉस्टर होता, आणि तो क्वेकर होता. फॉक्सने 1671 मध्ये बार्बाडोसला मळेवाल्यांना सांगितले ते एवढेच की गुलामांना दयेने वागवा, काही वर्षांनी मोकळे करा; गुलामगिरीच बंद करा असे तो म्हणाला नाही. लंडनच्या वार्षिक सभेने 1727 मध्ये या व्यापाराला नावे ठेवली, पण व्यापाऱ्यांना सभेबाहेर काढायचे ठरवायला 1761 उजाडले. या मुलुखात येणाऱ्याने स्वॉर्थमूर पाहून परत फिरू नये, धक्क्यावरही यावे. उपदेशकांचे सर्वांत अवघड काम राजाशी नव्हते, आपल्याच बाकावर शेजारी बसणाऱ्या श्रीमंत माणसाशी होते.

दिवस सातवा : यॉर्क

गाडी बदलून दुपारी यॉर्कला. भिंतीआतल्या गर्दीत न शिरता आधी शहराबाहेर हेसलिंग्टन रोडवर गेलो. हॅना मिल्स ही क्वेकर बाई 1790 मध्ये यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात वारली. तिला भेटायला आलेल्या क्वेकरांना आत सोडले नव्हते. विल्यम ट्यूक हा इथला चहा-कॉफीचा व्यापारी. त्याने वर्गण्या गोळा करून 1796 मध्ये 'द रिट्रीट' उघडले. साखळदंड नाहीत, बागकाम, शिवणकाम, एकत्र जेवण. खिडक्यांना गज हवेत पण तुरुंग वाटायला नको, म्हणून तावदानांच्या चौकटीच लोखंडी केल्या आणि त्या लाकडी दिसतील अशा रंगवल्या. रुग्णालय आता तिथे नाही; इमारत बाहेरूनच बघायची.

शेवटचा थांबा बिशपहिल भागातली जुनी क्वेकर दफनभूमी. ती घरांच्या मागे लपलेली आहे, नकाशाशिवाय सापडत नाही. इथे न्यू जर्सीचा शिंपी आणि उपदेशक जॉन वुलमन आहे. आयुष्यभर तो अमेरिकेतल्या क्वेकर घरी जाऊन, समोर बसून, गुलाम मोकळे करा असे सांगत राहिला. 1772 च्या जूनमध्ये तो लंडनला उतरला. येताना तो जहाजावर खलाशांमध्येच राहिला होता. अंगावर न रंगवलेले कपडे, कारण रंग मळ झाकतो. साखर खायची नाही, कारण ती गुलामांनी पिकवलेली. लंडनहून तो चालत निघाला. घोडागाड्या 24 तासांत 100 मैलांहून जास्त धावतात, घोडे मरतात, टपालाची पोरे हिवाळ्याच्या रात्री थंडीने गोठतात, हे कळल्यावर त्याने गाडीत बसणे सोडले आणि टपालाने पत्रे पाठवू नका असे घरच्यांनाही कळवले. ऑगस्टमध्ये तो प्रेस्टन पॅट्रिकला आणि केंडलला होता, आम्ही नुकत्याच सोडलेल्या वाटांवर.

चालता चालता तो भाव लिहून घेत होता. राय हे धान्य 5 शिलिंग बुशेल (धान्याचे एक माप), गहू 8. लोणी 8 ते 10 पेन्स पौंड. गरिबाच्या घराचे भाडे वर्षाला 25 ते 40 शिलिंग. लंडनकडच्या मजुराला दिवसाला 10 पेन्स आणि जेवण त्याचे त्याने बघायचे. सूत कातणाऱ्या बायकांना 4 पासून 10 पेन्स. आकड्यांच्या मध्येच एक ओळ येते, श्रीमंतांनी गरिबांचा विचार करावा अशी, आणि पुन्हा आकडे सुरू होतात.

यॉर्कला त्याला देवी आल्या आणि 7 ऑक्टोबर 1772 रोजी तो गेला. त्याआधी त्याने सांगून ठेवले होते: पेटी साध्या ॲश लाकडाची, आत स्वस्त फ्लॅनेल, आणि याचा खर्च व खड्डा खणण्याची मजुरी आपल्या अंगावरच्या कपड्यांतून भागवावी.